ड्रिंक अँड ड्राइव्हची केस, तीही अ‍ॅक्टिव्हावर. दंड ऑनलाइन भरता येतो का?

मुलुंडकर_७८
गटारीला सायनला मामेभावाकडे होतो. मटण-वडे आणि बिअरच्या दोन बाटल्या, त्याही आठ ते अकरा अशा रमतगमत. घरी येताना एलबीएस रोडवर नाकाबंदी. हवालदाराने पाकीट फोडून नवी नळी लावली. "फुंका... अजून... अजून." आकडा आला ४६. शाळेत ३५ ला पास व्हायचो, इथे ३० च्या वर गेलं की नापास.

लायसन्स ठेवून घेतलं, हातात कोर्टाचा कागद दिला. गाडी न्यायला बाबा रिक्षाने आले. वय ७१. माझी अ‍ॅक्टिव्हा त्यांनी चालवली, मी मागे बसलो. मुलुंडपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

हेल्मेटच्या चलानासारखं हे मोबाइलवर भरून मिटतं का? जेल होते का? ऑफिसात रजा कशाची टाकू?

चेंबूरचा_काका
नाही मिटत, बाबा. स्वतः कोर्टात जावं लागतं. मी २०१६ साली उभा होतो त्या लाइनीत. तेव्हा दंड दोन हजारांपर्यंत होता, १ सप्टेंबर २०१९ पासून दहा हजार झालाय. डबा आणि पाण्याची बाटली ने. माझ्या पुढे एक बँकवाला टाय लावून आला होता, दुपारी तीनला टाय खिशात होता.

कुर्ला_लोकल
वेलची चघळली असतीस तर सुटला असतास 😄

वकीलताई
वेलचीने तोंडाचा वास झाकतो. मशीन मोजतं ती फुप्फुसातून येणारी हवा आणि तिच्यात अल्कोहोल येतं रक्तातून. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. फुंकायला नकार दिला आणि पोलिसांना प्यायल्याचा संशय असला, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, त्यामुळे तो शहाणपणाही नको.

मुलुंडकर, पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. त्यातल्या 'पर्यंत' आणि 'किंवा'कडे नीट बघा, म्हणजे झोप लागेल. पण "गुन्हा कबूल?" असं विचारल्यावर घाईघाईत मान डोलवू नका, आधी वकिलाशी बोला. कबुली म्हणजे दोषसिद्धी, ती नावावर राहते. पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही. लायसन्सही काही काळ जाऊ शकतं. आणि कुठे धडकला असतात, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनीने नाकारला असता.

कुर्ला_लोकल
स्कूटरलाही तेच? मला वाटायचं कारवाल्यांनाच.

वकीलताई
मोटार वाहन म्हणजे स्कूटरही. आणि कलमात नुसतं चालवणं नाही, चालवायचा प्रयत्नही आहे.

मुलुंडकर_७८
ताई, काका, आभार. वकील बघतोय. बाबांना तारीख सांगितली, म्हणाले, "मी येतो. परतताना गाडी कोण चालवणार?" आईला आम्ही दोघांनी आरटीओत काम आहे असं सांगितलंय.