व्ही-मॅक्स : आधी फोर्क आणि ब्रेक
यामाहाच्या जुन्या व्ही-मॅक्स मोटारसायकलला घरीच जेट किट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे प्रमाण बदलणारे सुटे भाग) बसवून ताकद वाढवावी का, या प्रश्नावर माझे स्पष्ट मत असे की आधी फोर्क (पुढच्या चाकाचे सस्पेन्शन), ब्रेक आणि हँडलच्या बेअरिंगकडे पाहावे. १९८५ साली आलेल्या या ११९८ सीसी व्ही-फोर (व्ही आकारात चार सिलिंडर असलेल्या) इंजिनात ताकदीची उणीव कधीच नव्हती. वेगात वळणावर डगमगते ती फ्रेम, आणि यामाहानेही १९९३ मध्ये ४० ऐवजी ४३ मिलिमीटरचे फोर्क दिलेच. तरीही कार्ब्युरेटरना हात लावणारच असाल, तर चारही कार्ब्युरेटर व्हॅक्यूम गेजवर (इंजिनाची हवेची ओढ मोजणाऱ्या मापकावर) जुळवताना व्ही-बूस्टचे, म्हणजे इंजिन जास्त फेऱ्यांवर असताना सिलिंडरला जोडीतल्या दुसऱ्या कार्ब्युरेटरचेही मिश्रण देणाऱ्या यंत्रणेचे, व्हॉल्व्ह पूर्ण बंद असल्याची खात्री करून घ्या, कारण ते किंचित जरी उघडे राहिले तरी जोडीतल्या दोन सिलिंडरांचा व्हॅक्यूम एकमेकांत मिसळतो, गेजचे काटे जुळल्यासारखे दिसतात आणि आयडलिंग मात्र अडखळतच राहते.