शाळेच्या वार्षिक अहवालात यश आणि दान यांची नोंद कशी करावी?

प्रश्न : शुभ्रपाटी

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका खासगी, विनाअनुदानित शाळेत मी गेली चौदा वर्षे शिकवते आहे. स्नेहसंमेलनात वाचून दाखवायचा आणि नंतर छापून पालकांना द्यायचा वार्षिक अहवाल यंदा मी लिहावा, असे मुख्याध्यापिकांनी सांगितले आहे. मागील पाच वर्षांचे अहवाल काढून बसले, तेव्हा त्या सगळ्यांचा साचा एकच असल्याचे लक्षात आले. आधी गुणवंतांची नावे, मग पदकांची संख्या, त्यानंतर ‘सामाजिक बांधिलकी’ या मथळ्याखाली वाटलेल्या वस्तू आणि शेवटी आभार.

यंदा सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत आमचे नऊ विद्यार्थी पात्र ठरले. ‘इन्स्पायर मानक’ या केंद्र शासनाच्या विज्ञान-कल्पनांच्या योजनेसाठी दोन मुलींच्या कल्पनांची निवड होऊन प्रतिकृती तयार करण्यासाठी प्रत्येकीच्या खात्यात १०,००० रुपये जमा झाले. मुलींचा खो-खो संघ प्रथमच जिल्हा पातळीवर खेळला. ध्वजदिन निधी जमा झाला, वृद्धाश्रमात दिवाळीचा फराळ पोहोचला आणि जवळच्या जिल्हा परिषद शाळेत दप्तरांचे वाटप झाले.

या दप्तरांपाशीच माझे लेखन अडले आहे. वाटपाच्या दिवशी मी तेथे होते. दप्तरांवर आमच्या शाळेचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले होते आणि छायाचित्रात ते नाव दिसावे म्हणून मुलांना दप्तर छातीशी धरून उभे राहायला सांगितले होते. तिसरीतील एका लहानखुऱ्या मुलीच्या हातातील दप्तर तिच्या गुडघ्यांपर्यंत येत होते. ती खाली मान घालून उभी होती आणि छायाचित्रकाराने तिला तीनदा ‘वर बघ’ असे सांगितले. चौथ्या वेळी तिने मान वर केली. तेच छायाचित्र मुखपृष्ठावर घ्यावे, असे संस्थेतून सुचवले गेले आहे.

आमच्या मुलांनी मनापासून पैसे जमवले होते, त्यांच्या श्रमांची नोंद व्हायलाच हवी. पण ती करताना त्या मुलीचा मान राखला जावा, यासाठी अहवालाची मांडणी कशी करावी? यशाच्या याद्यांविषयीही अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन मिळाले, तर मी आभारी राहीन.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

बाई, मुखपृष्ठाचा निर्णय आधी घ्या. ते छायाचित्र मुखपृष्ठावर नको आणि आतल्या पानांतही नको. ती मुलगी तुमच्या शाळेची नाही, तिच्या पालकांची परवानगी घेतलेली नाही आणि उद्या तोच अहवाल तिच्या गावातील एखाद्या घरी पोहोचणार आहे. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना हे शांतपणे सांगितले, तर ते समजून घेतात, असा माझा अनुभव आहे.

यशाच्या यादीबद्दल एकच सूचना करतो. ‘नऊ विद्यार्थी पात्र’ असे लिहाल, तेथे परीक्षेला किती बसले होते तेही लिहा. पंधरातून नऊ आणि नव्वदातून नऊ यांत फार अंतर असते आणि पालकांना ते जाणून घेण्याचा अधिकार आहे. शिवाय जो परीक्षेला बसला आणि पात्र ठरला नाही, त्यानेही वर्षभर शनिवारी जादा तासाला हजेरी लावलेली असते. त्याचे नाव छापले जाणार नाही, पण बसलेल्यांच्या आकड्यात तो मोजला जातो, आणि त्या वयात तेवढेही पुरते. खासगी कंपन्यांच्या ऑलिम्पियाडची पदके शासकीय परीक्षांच्या यशाबरोबर एकाच बेरजेत घालू नका. शुल्क भरून दिलेल्या त्या परीक्षांत पदके उदारपणे वाटली जातात. आठवीची शिष्यवृत्ती किंवा कला संचालनालयाची इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा यांची गोष्ट वेगळी आहे.

आता दुसरा भाग, ज्याविषयी मला अधिक आस्था आहे. तुमच्या जुन्या अहवालांत ‘सामाजिक बांधिलकी’खाली शिक्षण हक्क कायद्यानुसार दिलेल्या २५ टक्के प्रवेशांचा उल्लेख असेल, तर तो आधी तेथून काढा. अनेक खासगी शाळांच्या अहवालांत मी तो वाचला आहे. २००९ च्या कायद्यातील कलम १२(१)(क) प्रमाणे वंचित आणि दुर्बल घटकांतील बालकांना मिळणाऱ्या त्या जागा त्यांच्या हक्काच्या आहेत आणि त्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनाने करायची आहे. प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते, ही संस्थाचालकांची तक्रार रास्त आहे. पण शासनाकडून येणे असलेली रक्कम थकली म्हणून मुलाचा हक्क हे दान ठरत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून, ज्या विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे तिला या तरतुदीतून वगळले होते, तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. हे मूल वर्गात बसते तेव्हा ते तुमचा विद्यार्थी असते, आणि अहवालात त्याची वेगळी ओळख करून देण्याचे कारण उरत नाही.

दानाविषयी लिहिताना साताऱ्याच्या माणसाला कर्मवीर आठवतातच. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. तेथील वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही दिले, ही हकिकत आमच्या घरोघरी सांगितली जाते. मला मात्र त्याहून मुष्टिफंडाची कल्पना शाळेच्या दृष्टीने अधिक उपयोगाची वाटते. दळायला बसताना रोज एक मूठ धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहासाठी द्यायचे. देणारी बाई स्वतः सधन नव्हती, देणे रोजचे होते आणि तिच्या हातचे होते. तुमच्या मुलांनी जमवलेले पैसे त्यांनी वडिलांकडून मागून आणले की आपल्या खाऊतून, श्रमातून जमवले, हे अहवालात जरूर लिहा. मुलांच्या मूठभर देण्याची नोंद मोठ्या धनादेशाच्या आधी यावी.

आणखी एक सुचवतो, ते पुढच्या वर्षासाठी. आठवीत होणाऱ्या एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्या विद्यार्थ्याला नववी ते बारावी अशी चार वर्षे दरसाल १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,००० रुपये मिळतात. ही योजना शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांसाठी आहे, त्यामुळे तुमच्या विनाअनुदानित शाळेतील मुलांना ती लागू नाही. पण तुमच्याकडे बुद्धिमत्ता चाचणी उत्तम शिकवणारे शिक्षक आहेत. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत आठवी असेल, तर जुलैपासून दर शनिवारी दोन तास तेथे जाऊन त्या मुलांची तयारी करून घ्या. दप्तर दोन वर्षांत फाटते. हे दोन तास एखाद्या मुलीला बारावीपर्यंत शाळेत टिकवू शकतात.

उत्तर : हिशेबनीस (पालक आणि लेखापरीक्षक, पुणे)

सरांनी मांडणीचे सांगितले, मी हिशेबाचे सांगतो. दानाच्या प्रत्येक उपक्रमापुढे किती जमा झाले, कशावर किती खर्च झाले आणि शिल्लक कोठे आहे, हे तीन आकडे छापावेत. मुलांकडून डब्यात पाच-दहा रुपये जमा करणाऱ्या शाळेने तर हे कसोशीने पाळावे, कारण सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यायचा असतो हे मूल आयुष्यात पहिल्यांदा येथेच पाहते.

पालकांकडून घेतलेल्या रकमेबाबत दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. शुल्काबरोबर सर्वांकडून सरसकट घेतलेली रक्कम अहवालात ‘देणगी’ म्हणून दाखवू नये. देणगी ऐच्छिकच असते, आणि ज्यांनी दिली नाही त्यांच्या पाल्याला वर्गात त्याविषयी विचारले जाता कामा नये. दुसरे म्हणजे, जुन्या करप्रणालीत राहिलेल्या पालकांना देणगीवरची आयकर सवलत (१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-जी) हवी असते. ती २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर मिळत नाही आणि वस्तुरूप देणगीवर तर मुळीच मिळत नाही. ही माहिती पावती देतानाच सांगितली, तर मार्चमध्ये कार्यालयात वाद होत नाहीत. ध्वजदिन निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे भरल्याची पावती असेलच, तिची तारीख अहवालात द्यावी.

उत्तर : कृष्णाकाठ

मॅडम, मी घेणाऱ्या बाजूने लिहिते आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत महापूर आला, तेव्हा मी आठवीत होते. कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी इशारा आणि धोका या दोन्ही पातळ्या ओलांडून पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे कल्पना येईल. आमच्या घरातील खालचा मजला पूर्ण बुडाला. आई-बाबांनी रेशनकार्ड आणि कागदपत्रांची पिशवी उचलली, पण माझे दप्तर खालीच राहिले. पाणी ओसरल्यावर ते मिळाले, तेव्हा पुस्तकांची पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती.

त्यानंतरच्या दिवसांत मदत खूप आली आणि ती पाठवणाऱ्या प्रत्येकाविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. तरीही दोन प्रसंग वेगवेगळे लक्षात राहिले आहेत. पहिल्या प्रसंगी आम्हाला रांगेत उभे करून वह्या दिल्या आणि प्रत्येकाचे छायाचित्र घेतले. माझ्या अंगावर तेव्हा शेजारच्या ताईचा ढगळ ड्रेस होता. ते छायाचित्र कोणाकोणाच्या फोनवर गेले असेल, हा विचार मला पुढे कितीतरी महिने छळत राहिला.

दुसरा प्रसंग खोक्याचा आहे. दुसऱ्या जिल्ह्यातील एका शाळेने आमच्या बाईंना आधी फोन करून कोणत्या इयत्तेची किती मुले आहेत, कोणत्या माध्यमाची आहेत आणि नेमके काय वाहून गेले आहे, हे विचारून घेतले होते. आठ दिवसांनी खोकी आली. त्यांत आठवीची बालभारतीची वापरलेली पुस्तके होती, प्रत्येकाला नवे तपकिरी कव्हर घातलेले होते आणि नावाची चिठ्ठी कोरी ठेवलेली होती. ती कोरी चिठ्ठी पाहून मला किती बरे वाटले, ते आजही सांगता येत नाही. माझ्या वाट्याला आलेल्या विज्ञानाच्या पुस्तकात आधीच्या मुलीने पेन्सिलीने बारीक टिपा काढल्या होत्या आणि विद्युतधारेच्या धड्यापाशी लिहिले होते, ‘हे दोनदा वाच, मग सोपे जाते.’ मी दोनदा वाचले. आज मी विद्युत अभियांत्रिकी शिकते आहे.

ती मुलगी कोण होती आणि तिची शाळा कोणती, हे मला कधीच कळले नाही, कारण खोक्यावर फक्त आमच्या शाळेचा पत्ता होता. त्या शाळेने आपल्या अहवालात काय लिहिले असेल, याची मला उत्सुकता आहे. त्यांनी आमच्या बाईंना केलेला तो फोन अहवालात लिहिला असावा, असे मला मनापासून वाटते. तुम्ही दप्तरे देण्याआधी तिसरीच्या मुलांना कोणत्या मापाचे दप्तर लागते, हे कोणी विचारले होते का?

शुभ्रपाटी

सर्वांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. घाऊक बाजारात स्वस्त मिळतात म्हणून सगळी दप्तरे एकाच मापाची घेतली होती. काल मी त्या शाळेच्या गुरुजींना भेटून आले. त्यांनी फार संकोचाने सांगितले की पहिली ते तिसरीची बरीचशी दप्तरे कपाटात ठेवली आहेत, मुले मोठी झाली की वापरतील. दप्तरांपेक्षा त्यांना पिण्याच्या पाण्याच्या टाकीला झाकण आणि तोटी हवी होती. आमच्या निधीतील शिल्लक रकमेत ते काम होण्यासारखे आहे, आणि त्याचा खर्च हिशेबनीस यांनी सांगितलेल्या तीन आकड्यांत दाखवता येईल.

मुख्याध्यापिकांशी सविस्तर बोलणे झाले. मुखपृष्ठावर आता खो-खोच्या संघाचे छायाचित्र येईल, आणि शिपाईकाकांनी सकाळी सहाला मैदानावर फक्की मारून आखलेल्या रेषांसह येईल, कारण त्यांच्याशिवाय सराव सुरूच झाला नसता. शिष्यवृत्तीची नोंद ‘परीक्षेला बसलेले ४१, पात्र ९’ अशी केली आहे. शिक्षण हक्काच्या प्रवेशांचा उल्लेख बांधिलकीच्या पानावर खरोखरच होता, तो काढला आहे.

दानाच्या पानाचा मसुदा सध्या असा आहे : “सहावी आणि सातवीच्या विद्यार्थ्यांनी खाऊचे पैसे वाचवून आणि विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी सरबत विकून निधी जमवला. त्यातून शेजारच्या शाळेला दप्तरे दिली. ती घेताना आम्ही मुलांचे माप आणि गरज विचारली नाही, त्यामुळे त्यांतील बरीच दप्तरे वापरात आलेली नाहीत. उरलेल्या रकमेतून त्या शाळेच्या शिक्षकांनी सांगितलेले पाण्याच्या टाकीचे काम करून देत आहोत.”

तिसरे आणि चौथे वाक्य ठेवावे की नाही, यावर शुक्रवारी संस्थेच्या बैठकीत चर्चा आहे. ती ठेवावीत असेच मी तेथे सांगणार आहे. सर, एनएमएमएसच्या शनिवारच्या तासांसाठी आमच्या दोन सहकाऱ्यांनी होकार दिला आहे. त्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच आहेत, म्हणून गुरुजींच्या सांगण्यावरून पुढच्या गावातील अनुदानित माध्यमिक शाळेशी बोलणे सुरू केले आहे. तयारीसाठी जुन्या प्रश्नपत्रिका आणि वेळापत्रक तुमच्याकडे असेल, तर कृपया येथेच द्यावे.