शब्दचर्चा: अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातली ‘बंदूक’ नेमकी कोणती?

प्रश्न

नमस्कार मंडळी. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावरच्या एका लेखमालेचं मराठी करते आहे. मूळ मजकुरात मस्केट, फायरलॉक आणि रायफल असे तीन शब्द येतात. तिन्हींना ‘बंदूक’ म्हटलं तर चालेल का? ‘रिडाउट’ (रणांगणावर घाईने उभारलेला आडोसा) आणि ‘मिलिशिया’ (साध्या नागरिकांची स्थानिक फौज) यांनाही शब्द हवे आहेत. अमेरिकी चित्रकार जॉन ट्रंबुलच्या, बंकर हिलच्या लढाईवरच्या चित्राचं वर्णन त्यात आहे, म्हणून नेमकेपणा हवा.

उत्तर

ताई, तिन्हींना ‘बंदूक’ म्हणू नका. मस्केट आणि रायफल यांतला फरक त्या युद्धात फार मोलाचा होता.

मस्केटची नळी आतून गुळगुळीत. इंग्रजांची ‘ब्राऊन बेस’ पाऊण इंची नळीची, फ्रेंचांनी अमेरिकनांना पुरवलेली ‘शार्लव्हिल’ 0.69 इंचाची. गोळी नळीत जरा सैल बसायची, म्हणून भरायला सोपी. कवायती शिपाई मिनिटाला तीन बार सहज काढायचा. पण नेमाचा भरवसा शंभर पावलांपलीकडे नाही. म्हणून रांगा करून एकदम बार काढायचे आणि मग संगिनी रोखून धावून जायचं. रायफलच्या नळीत आतून पेचदार खाचा. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांनी घडवलेली लांब नळीची रायफल दुप्पट अंतरावरचा माणूस टिपायची. मात्र तेलकट कापडात गुंडाळलेली गोळी ठासून बसवायला वेळ लागे आणि तिला संगीन चढत नसे. 1777 मध्ये साराटोगाच्या लढाईत अमेरिकन सेनानी मॉर्गनच्या नेमबाजांनी हीच रायफल वापरली. तेव्हा ‘रायफल’ तशीच ठेवा, मस्केटला ‘ठासणीची बंदूक’ म्हणा. रायफलही ठासूनच भरत, पण मराठी वाचकाला ‘ठासणीची बंदूक’ म्हटलं की गुळगुळीत नळीची जुनी बंदूकच दिसते.

फायरलॉक म्हणजे चकमकीची बंदूक. तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा, म्हणजे पेटती वात लागते, हिच्यात गारगोटी. काडतूस कागदाचं, आत दारू आणि गोळी. 1857 मुळे आपल्याला ठाऊक असलेली ती दातांनी तोडायची रीत तिथेही होतीच. काडतूस तोडायचं, चिमूटभर दारू कानापाशी (नळीच्या बाजूच्या बारीक भोकापाशी) रंजक, म्हणजे पेटवणीची दारू म्हणून घालायची, उरलेली नळीत ओतायची, वर गोळी आणि कागद, मग गजाने ठासायचं. चाप ओढला की घोडा पडतो, गारगोटी पोलादावर घासते, ठिणगी रंजकेत, रंजकेची आग कानातून आत, आणि बार. रंजक पेटली पण आत आग पोचली नाही तर फुसका बार. हे सगळे शब्द आपल्याकडे तयार आहेत. ‘प्रायमिंग पावडर’ आणि ‘टच होल’ लिहायची काही गरज नाही.

आणखी एक उत्तर

वरच्या उत्तराला जोड. हे शब्द काळाच्या हिशेबानेही बसतात. 19 ऑक्टोबर 1781 ला यॉर्कटाउनला ज्याच्या सैन्याने शस्त्रं खाली ठेवली, तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस दहा वर्षांनी टिपूवर चालून गेला, तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या जोडीला होत्या. म्हणजे इंग्रज पलटणींची ही बंदूक त्या काळच्या मराठी माणसाने जवळून पाहिलेली आहे.

युद्धाला तोंड फुटलं त्या लेक्सिंग्टनच्या प्रसंगाला मात्र ‘लढाई’ म्हणू नका. 19 एप्रिल 1775 च्या पहाटे तिथे आठ वसाहतवाले पडले, पण सगळं काही मिनिटांत आटोपलं. ‘चकमक’च म्हणा. बंकर हिलची खरी लढाई, 17 जून 1775 ची: इंग्रजांचे मेलेले आणि जखमी मिळून हजाराच्या वर गेले.

प्रश्नकर्ती

खूप आभार. आता बंकर हिलच्या त्या ‘रिडाउट’चं काय करू? ‘मोर्चा’ सुचतोय, पण वाचकाला घोषणा देत निघालेली माणसं दिसतील अशी भीती वाटते.

उत्तर

भीती रास्त आहे. जुना अर्थ आता ‘मोर्चेबांधणी’त तेवढा उरलाय, एकटा ‘मोर्चा’ रस्त्यावरचाच वाटतो. ‘गढी’ही नको, गढीत माणसं राहतात. बंकर हिलची म्हणतात ती लढाई मुख्यतः शेजारच्या ब्रीड्स हिल या टेकडीवर झाली; तिथे अमेरिकनांनी एका रात्रीत माती उपसून चौकोनी आडोसा उभा केला होता. त्याला ‘दमदमा’ म्हणता येईल, पण आपल्या जुन्या लिखाणात दमदमा बहुधा किल्ल्यावर मारा करायला उभारतात. इथे मारा झेलायचा होता. मी ‘मातीचा कोट’ लिहीन.

चित्राबद्दल: ट्रंबुलने ते 1786 मध्ये पुरं केलं. मध्यभागी अमेरिकनांचा पुढारी डॉक्टर जोसेफ वॉरन मरून पडतोय, इंग्रज शिपाई त्याला संगीन खुपसायला झेपावलाय आणि त्याचाच अधिकारी मेजर स्मॉल हात घालून ती बंदूक थोपवतोय. इथे ‘भाला’ किंवा ‘सुरा’ असं काही लिहू नका. संगीन म्हटलं तरच बंदूक, रांग आणि शेवटची धाव हे सगळं त्यात येतं. अमेरिकनांची दारू संपत आली होती आणि बहुतेकांकडे संगिनीच नव्हत्या, त्यामुळे तो कोट पडला.

तिसरं उत्तर

मिलिशियाला काही जण ‘शिबंदी’ सुचवतील. मला ते अजिबात पटत नाही. शिबंदी पगारी असते, पेशवाईतल्या हिशेबांत तिचा खर्च मांडलेला सापडतो. मॅसॅच्युसेट्सचा मिलिशियावाला शेतकरी, लोहार, दुकानदार. गावच्या मैदानात ठरलेल्या दिवशी कवायत करणारा आणि बहुधा आपला कप्तान स्वतः निवडणारा. ‘नागरी सेना’ बरा, पण पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य खर्च करून समजावा. त्यांतले निवडक ते मिनिटमेन, म्हणजे हाकेसरशी बंदूक उचलून निघणारे. तो शब्द तसाच राहू द्या.

1792 च्या मिलिशिया कायद्यात तर यादीच आहे: 18 ते 45 वयाच्या धडधाकट गोऱ्या नागरिकाने स्वतःची बंदूक, संगीन, दोन जादा गारगोट्या आणि निदान 24 काडतुसं बाळगायची. रायफल असेल तर काडतुसांऐवजी वीस गोळ्या आणि पाव पौंड दारू. कायदाच दोन हत्यारं वेगळी मोजतो, तर भाषांतराने ती एक का करावीत?

प्रश्नकर्ती

हे फार उपयोगी पडलं. शेवटचं एक: अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या ‘सेल्फ-एव्हिडंट’ला ‘स्वयंस्पष्ट’ की ‘स्वयंसिद्ध’?

उत्तर

स्वयंसिद्ध. जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनच्या पहिल्या मसुद्यात तिथे ‘पवित्र आणि निर्विवाद’ अशा अर्थाचे शब्द होते, ते बदलून हा शब्द आला. श्रद्धेचा आधार काढून भूमितीचा दिला, आणि मराठीत भूमितीचा वास ‘स्वयंसिद्ध’लाच आहे. त्याच वाक्यातल्या ‘परसूट ऑफ हॅपिनेस’ला ‘सुखाचा शोध’ मात्र करू नका, त्याने वाचक अध्यात्माकडे वळतो. ‘सुखासाठी झटण्याचा हक्क’ असं लिहा.