फार्दिंगला किंमत होती ती दुकानात
फार्दिंग हे इंग्लंडचं जुनं नाणं: पेनीचा चौथा हिस्सा, पौंडाला ९६०. एवढ्याशा फार्दिंगचं इंग्लंडात लोक करायचे काय, असा प्रश्न पडतो. कापडाच्या दुकानांत त्याला खरा भाव होता. पूर्ण पौंड न लावता किंमत १९ शिलिंग पावणेबारा पेन्स, म्हणजे पौंडाला एकच फार्दिंग कमी, अशी लावायची, म्हणजे गिऱ्हाइकाला स्वस्त वाटतं. सुटं फार्दिंग द्यायच्या ऐवजी कधीकधी टाचण्या लावलेला कागद हातावर ठेवत!

१८९७ पासून बरीच वर्षं टांकसाळीत ही नाणी मुद्दाम काळपट करत, कारण नवं चकचकीत फार्दिंग ‘अर्धं सॉव्हरिन’ हे सोन्याचं नाणं म्हणून खपवता येई. मला सर्वांत आवडतं ते १९३७ पासूनचं, शेपटी वर उचललेला चिमुकला रेन पक्षी असलेलं. १९६० संपताना ते चलनातून बाद झालं.