लॅपटॉप सुरूच होत नाही, आतल्या फाइली कशा काढायच्या? अनुभवी लोकांनी लिहा

उद्यमबागवाला
"लॅपटॉप मेला, सगळे फोटो गेले" असं परवा कुणीतरी लिहिलेलं वाचलं आणि डेस्कटॉपचा जमाना आठवला. डबा उघडायचा, डिस्क काढायची, दुसऱ्या डब्यात लावायची, विषय संपला. आता डिस्क कधी बोर्डलाच चिकटलेली असते, कधी कुलूपबंद. तरी लॅपटॉप मेला म्हणजे फाइली मेल्या असं बहुतेक वेळा नसतंच. चार्जिंगचा जॅक, रॅम, स्क्रीन, बोर्ड, विंडोज, यातलं काहीही गेलं तरी फाइली डिस्कवर शाबूत असतात.

म्हणून आधी फाइली, मग दुरुस्ती. दुकानात "विंडोज मारून देतो" म्हटलं की हात धरा. त्यात बहुतेकदा सी ड्राइव्ह पुसून काढतात, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सगळं सीमध्येच असतं.

सुरुवात बिनखर्चाची. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग नुसत्या चार्जरवर चालू करून बघा. पंखा फिरतोय खरं स्क्रीन काळी, तर अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर फक्त बॅकलाइट गेलाय. एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडा आणि निवांत सगळं उचला.

पुढचं ज्याला जे येतंय त्यानं लिहा. मोघम नको.

अनगोळकर
रॅम राहिली की ओ. काही डेलमध्ये बॅटरीचा दिवा २ वेळा पिवळा, ३ वेळा पांढरा असा लुकलुकला की रॅम सापडत नाही असा अर्थ. रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरानं हलकी पुसायची, टक्क आवाज येईपर्यंत परत बसवायची. दोन असतील तर एकेक लावून बघा.

कडोलीची पोर
खोडरबर पांढरं घ्या. शाई खोडायचं निळं-लाल मिळतं ते नको, सोनेरी मुलामा खरवडून काढतं.

शहापूर पेठ
डिस्क कुठली आहे ते आधी बघा, तिथंच लोक चुकीचं केसिंग, म्हणजे डिस्क आत बसवून यूएसबीला जोडायची डबी, घेऊन येतात.

जुन्या लॅपटॉपात २.५ इंची साटा डिस्क असते, फिरणारी किंवा एसएसडी. तिला साटा ते यूएसबी ३ केबल, साधारण तीन-पाचशेत येते. नव्यात एम.२ पट्टी असते. तिच्यात दोन जाती, साटा आणि जास्त वेगवान एनव्हीएमई. पट्टीच्या टोकाला दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच खाच उजवीकडं असेल तर बहुधा एनव्हीएमई. दोघींचं केसिंग वेगळं. कुठली ते कळत नसेल तर दोन्ही चालणारं घ्या, रियलटेक आरटीएल९२१०बी चिपवालं. जेएमएस५८३ चिपवाल्यात फक्त एनव्हीएमई चालते.

उघडताना सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. स्क्रू लहान-मोठे असतात, ज्या जागेचे त्याच जागी कागदावर चिकटवून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की आतल्या बोर्डात घुसतो. एक-दोन स्क्रू मागच्या रबरी पायाखाली लपलेले असतात, झाकण निघत नाही म्हणून जोर लावू नका. एम.२ चा टोकाचा एक स्क्रू काढला की पट्टी आपोआप तिरकी उठते, मग ओढून घ्यायची.

स्वस्तातल्या बऱ्याच छोट्या लॅपटॉपात डिस्कऐवजी ईएमएमसी नावाची चिप असते, ३२ किंवा ६४ जीबी. ती बोर्डवरच सोल्डर केलेली. नव्या मॅकबुकमध्येही तसंच. तिथं केसिंगचा काही उपयोग नाही, बोर्ड जिवंत करण्यावाचून इलाज नाही.

निपाणी स्टँड
फिरणारी डिस्क यूएसबीला लावल्यावर टिक टिक करून बंद पडत असेल तर लगेच रडू नका. कधी कधी नुसता करंट पुरत नाही. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३ चा ९००, आणि डिस्क सुरुवातीला फिरताना त्याहून जास्त मागू शकते. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला लावा किंवा दोन तोंडाची केबल वापरा. पुढच्या पोर्टला आणि हबला लावू नका.

हिंडलगा रोड
खरं करंट बरोबर असून टिक-टिक येत असेल तर?

निपाणी स्टँड
तर लगेच काढा. आतलं वाचणारं हेड गेलंय. एकेका मिनिटाला ते डेटाची प्लेट खरवडत असतं. परत परत लावून "आता येईल बघ" करत बसायचं नाही. घरी उघडायचीही नाही, धुळीचा एक कण पुरतो. फ्रीजमध्ये ठेवा म्हणणारे अजून भेटतात, आत दव धरतं आणि उरलंसुरलं जातं. अशी डिस्क क्लीन रूम असलेल्या लॅबलाच, पुणे-मुंबई-बेंगळुरू. पाठवताना अँटिस्टॅटिक पिशवी, वर बबल रॅप दोन वेढे, खोक्यात हलायला जागा नको. डेटा नाही मिळाला तर किती घेणार हे आधी लिहून घ्या.

वडगावची अक्का
मी लावली डिस्क. "फॉरमॅट करायला हवी" म्हणून खिडकी येते. करू का?

शहापूर पेठ
नको अक्का, नको! कॅन्सल दाबा. आणि हो म्हणून सांगितल्याशिवाय कुठल्याही खिडकीत ओके म्हणू नका.

खानापूरचा पाऊस
😂 अक्कांनी विचारलं तरी. बाकीचे दाबून मग विचारतात.

गणपत गल्ली
ती खिडकी तीन कारणांनी येते. पार्टिशनची माहिती बिघडलीय, डिस्क मरायला लागलीय, किंवा लिनक्सनं वा मॅकनं बनवलेली डिस्क आहे जी विंडोजला कळत नाही. अक्का, ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसतंय का? कुलूप असेल तर वेगळंच प्रकरण, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करायचं साधन.

त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण आता जास्त लोक इथंच अडकतात. विंडोज ११ होममध्येही हेच कुलूप डिव्हाइस एन्क्रिप्शन नावानं असतं, आणि २४एच२ या आवृत्तीपासून नव्यानं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की ते आपोआप चालू होतं. मालकाला पत्ताच नसतो. लॅपटॉप चालतोय तोवर बोर्डवरची टीपीएम चिप गुपचूप कुलूप उघडत असते. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली किंवा बोर्ड बदलला की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते.

ही की बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्येच जतन असते. फोनवरून अकाउंटच्या संकेतस्थळावर जा, डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की बघा. एकापेक्षा जास्त दिसल्या तर गोंधळू नका. स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्याची पहिली ८ अक्षरं यादीतल्या आयडीशी जुळवा. लॅपटॉप कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या अकाउंटनं जोडलेला असेल तर की त्यांच्या आयटीवाल्याकडं. की कुठंच नसेल तर फाइली मिळत नाहीत. "आम्ही तोडून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

वडगावची अक्का
कुलूपच आहे. अकाउंट पोराचं आहे, तो बेंगळुरूला. संध्याकाळी विचारते.

व्हीटीयू बॅकबेंचर
लॅपटॉप चालतो फक्त विंडोज उघडत नाही, त्यांच्यासाठी: डिस्क काढायची गरजच नाही.

विंडोज दोन-तीनदा उघडताना अडकलं की निळी रिपेअरची स्क्रीन येते. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, कमांड प्रॉम्प्ट. तिथं नोटपॅड टाइप करून एंटर. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन, खाली "ऑल फाइल्स" निवडा. ती ओपनची छोटी खिडकी म्हणजेच तुमचं एक्सप्लोरर. फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, पेनड्राइव्हमध्ये पेस्ट. इथं ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, सी म्हणजे सीच असेल असं नाही, आत यूजर्स फोल्डर आहे का ते बघून ठरवा. कॉपी होताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, अडकल्यासारखं वाटतं. थांबा.

व्हीटीयू बॅकबेंचर
वर राहिलं: पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल जात नाही. लग्नाचा व्हिडिओ हमखास तिथं अडकतो. आधीच एक्सफॅट करून घ्या.

चिक्कोडी टेक
जास्त माल असेल तर त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरा. ई हा स्विच उपफोल्डरसकट नेतो. आर आणि डब्ल्यू दोन्ही १ ठेवा, नाहीतर वाचता न येणाऱ्या एका फाइलवर तो लाखो वेळा प्रयत्न करत बसतो. एक्सजे विसरू नका, यूजर्समधल्या जंक्शनमुळं तो फोल्डरात फोल्डर असा गोल गोल फिरतो.

हेही नको असेल तर ८ जीबी पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रॅमनं उबंटू किंवा मिंट हे लिनक्स टाका, "ट्राय" निवडून चालू करा. बूट मेनूला डेल, लेनोवो, एसर साधारण एफ१२, एचपी एफ९, आसुस एस्केप. लिनक्समध्ये डिस्कच दिसत नसेल तर इंटेलच्या मशीनवर बायोसमधली व्हीएमडी किंवा आरएसटी नावाची डिस्कची सेटिंग बघा. ते बंद केलं की दिसते, खरं काम झाल्यावर परत होतं तसं करा, नाहीतर विंडोज अजून बिघडलं असं वाटेल. विंडोज फास्ट स्टार्टअपमध्ये बंद झालं असेल तर ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो. बरंच आहे की, आपल्याला लिहायचं कुठंय. नव्या उबंटूत बिटलॉकरची ४८ अंकी की टाकली तरी ड्राइव्ह उघडतो.

हिंडलगा रोड
सीएचकेडीएसके, ती विंडोजची डिस्क तपासायची कमांड, चालवू का आधी? दुकानदार म्हणाला एरर जातात.

चिक्कोडी टेक
फाइली काढायच्या आधी मुळीच नाही. ते फाइलसिस्टिम सरळ करतं, तुमच्या फाइली वाचवत नाही. जुळत नसलेलं तुकड्यात टाकतं आणि मोकळं होतं. मरत्या डिस्कवर तर जास्तच धोका. आधी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावून बघा. ०५ म्हणजे रीॲलोकेटेड आणि सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टर, यातला सी५ वाढायला लागला की घड्याळ सुरू झालं समजा.

तेव्हा फाइलीफाइलीनं कॉपी नको, पूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या, लिनक्समधल्या जीएनयू डीडीरेस्क्यूनं. पहिल्या फेरीत डी आणि एन स्विच लावून सोपा भाग ओढून घ्यायचा, दुसऱ्या फेरीत आर ३ लावून खराब जागा परत वाचायच्या. मॅप फाइल द्यायलाच हवी. मध्ये वीज गेली तरी तिथूनच पुढं चालू होतं. आणि कुठली डिस्क स्रोत, कुठली रिकामी, ते साइज बघून दोनदा खात्री करा. उलटं दिलं तर रिकाम्या डिस्कचं रिकामेपण जुन्या डिस्कवर छापलं जातं. मग त्या प्रतिमेवर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक हे फाइली शोधून काढणारे प्रोग्रॅम चालवा. फोटोरेक फोटो काढतं खरं नावं जातात, नुसते आकडे येतात.

खानापूरचा पाऊस
डिलीट झालेलं पण येतं काय यात?

चिक्कोडी टेक
फिरणाऱ्या डिस्कवर, वर काही लिहिलं गेलं नसेल तर येतं. एसएसडीवर ट्रिम असतं, डिलीट केलेलं थोड्याच वेळात खरंच पुसलं जातं. आशा धरू नका.

संकेश्वर सायबर
आता आमच्या बेळगाव भागाचं. नुसती डॉक्युमेंट्स उचलली आणि नव्या लॅपटॉपवर उघडली की कानडी अर्ज म्हणजे किडेमकोडे दिसतात. जुने अर्ज नुडी या कानडी सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात, नुडी ०१ ई वगैरे, मराठीचं छापकाम श्रीलिपीत. हे युनिकोड नव्हे, तो फॉन्ट नसला की अक्षरं कळत नाहीत. तर विंडोजच्या फोल्डरातला फॉन्ट्स हा फोल्डरही सोबत उचला. फाइल खराब झालीय म्हणून टाकून देऊ नका, फॉन्ट टाकला की अक्षरं परत येतात. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीची पत्रं, संघाचे अहवाल, सगळं असलंच असतं.

टॅली असेल तर नुसता एक्सपोर्ट शोधू नका. डेटा फोल्डरात १०००० किंवा १००००० असल्या आकड्यांचे फोल्डर असतात, एकेक कंपनी एकेक आकडा. अख्खा फोल्डर जसाच्या तसा न्या. जागा कुणी बदललेली असते, म्हणून डी ड्राइव्हही बघा.

टिळकवाडी सेकंड गेट
लपलेल्या जागा: यूजरच्या फोल्डरात ॲपडेटा, हिडन असतो. वर्डची न जतन केलेली फाइल लोकल, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, अनसेव्हडफाइल्समध्ये. स्टिकी नोट्स प्लम नावाच्या फाइलीत, तिच्या शेजारच्या दोन फाइलीही घ्या. आउटलुकच्या मेलची पीएसटी फाइल बहुधा डॉक्युमेंट्समध्ये. क्रोमचे पासवर्ड मात्र फोल्डर कॉपी करून येत नाहीत, ते त्या विंडोज लॉगिनला बांधलेले असतात. गूगल अकाउंटमध्ये सिंक होते का ते बघा.

यळ्ळूरचा
आणि डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, वनड्राइव्हच्या फोल्डरात आणखी एक डेस्कटॉप असतो. ऑनलाइन पण बघा, निम्म्यांचं काम तिथंच होतं.

निपाणी स्टँड
सातबाऱ्याच्या, म्हणजे आपल्याकडच्या आरटीसीच्या स्कॅनसाठी कोण डिस्क खोलत बसू नका बरं. कर्नाटक सरकारच्या भूमी संकेतस्थळावरून परत निघते. एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, मार्कशीट डिजिलॉकरवर. फोटो आणि जुना पत्रव्यवहार तेवढा परत मिळत नाही, आधी तो.

मारुती गल्ली
पाणी सांडलेल्याचं कुणी लिहिलं नाही. बटण दाबून बंद, चार्जर काढा, बॅटरी कनेक्टर काढा, उलटा धरा. हेअर ड्रायर नको, पाणी आणखी आत ढकलतो. तांदूळ पण नको. डिस्क लगेच काढून बाजूला ठेवा, सुकली की केसिंगमध्ये. बोर्ड ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवायचा, ते काम दुकानाचं. चहा असेल तर लवकर करा, साखर चिकटून गंज धरते.

खानापूरचा पाऊस
इकडं तर सांडायची पण गरज नाही, जांबोटी-कणकुंबीकडं जूनमध्ये भिंतीच घाम गाळतात. लॅपटॉप बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

कडोलीची पोर
पाऊस कसा आहे आज तिकडं?

खानापूरचा पाऊस
लागलाय की सकाळपासनं. लाइट पण गेलीय, फोनवर लिहायलोय.

हिंडलगा रोड
२५० जीबी फोटो कॉपी करायला किती वेळ धरू?

शहापूर पेठ
यूएसबी ३, फिरणारी डिस्क, तासभर तरी धरा. लहान लहान फाइली हजारो असतील तर जास्त. यूएसबी २ असेल तर दोन-अडीच तास. लॅपटॉप स्लीपमध्ये जाणार नाही असं आधी सेट करा, मध्येच झोपला की कॉपी तुटते.

वडगावची अक्का
पोरानं की पाठवली! पहिली आठ अक्षरं जुळली. टाकली, उघडला ड्राइव्ह. यूजर्समध्ये त्याच्या नावाचा फोल्डर आहे खरं "परवानगी नाही" म्हणतंय.

गणपत गल्ली
तिथं कंटिन्यू दाबा अक्का, हे ओके चालतं. हिरवी पट्टी सरकेल, फाइली जास्त असतील तर पाच-दहा मिनिटं लागतात, बंद करू नका. मग कट नको, कॉपीच करा.

यळ्ळूरचा
अक्का, झालं की कुंदा कुणाकडं पोचवणार ते पण लिहा 😄

वडगावची अक्का
आधी पट्टी तर सरकू दे की!