स्तनातील गाठ काखेपर्यंत कशी पोहोचते?

विटेकर: आमच्या मावशींच्या स्तनातील गाठीसोबत मिरजेत काखेतील लसीकाग्रंथीही (ऊतींतून निघणारा लसीका हा द्रव गाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) काढल्या आणि त्यांतल्या काहींत कर्करोगाच्या पेशी सापडल्या. वाढघटकांमुळे (वाढीचा संदेश देणाऱ्या प्रथिनांमुळे) पेशींना तिथवर वाट मिळते म्हणतात, ते कसे?

कृष्णाकाठ: गाठीतील पेशी आणि भोवती जमलेल्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी व्हीईजीएफ-सी व व्हीईजीएफ-डी हे वाढघटक स्रवतात. ते लसीका वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्यांच्या अस्तरावरील व्हीईजीएफआर-३ या ग्राहीशी (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाशी) जोडले गेले की वाहिन्यांना नवे फाटे फुटतात, जुन्या रुंदावतात, आणि सूक्ष्म लसीकावाहिन्यांच्या अस्तराखालचे आवरण मुळातच सलग नसल्याने पेशींना आत शिरणे सोपे जाते. हेलसिंकीतील संशोधक कारी आलितालो यांच्या गटाने १९९६ मध्ये व्हीईजीएफ-सीचे वर्णन केले. २००१ मधील उंदरांवरच्या प्रयोगांत गाठीतील व्हीईजीएफ-सीचे प्रमाण वाढवल्यावर ग्रंथींतील प्रसारही वाढला.

मिरजकर: एक भर घालतो. गाठीच्या गाभ्यातील लसीकावाहिन्या दाबाने चेपलेल्या, बहुधा निकामी असतात; खरी ये-जा गाठीच्या कडेला चालते.

विटेकर: मग बेव्हॅसिझुमॅब या कर्करोगावरील औषधाने हे थांबेल का?

कृष्णाकाठ: ते औषध त्याच कुळातील, मुख्यतः रक्तवाहिन्या वाढवणारा व्हीईजीएफ-ए अडवते, सी किंवा डी नव्हे. मावशींचे पुढील उपचार मात्र अहवालातील ग्रंथींची संख्या आणि हार्मोन-ग्राही व हर-२ (पेशींच्या वाढीशी निगडित एक प्रथिन) यांच्या चाचण्या पाहून ठरतील, तेव्हा तो अहवाल घेऊन कर्करोगतज्ज्ञांना आधी भेटा.