तीन ॲपमध्ये तोच कोड: कॉपी, सीडीएन की पॅकेज?

वहीतलंपान: आमची तीन वेब ॲप आहेत, तिन्ही रिॲक्टमध्ये (स्क्रीनचे भाग बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी). कॅलेंडर, टेबल आणि फॉर्म तपासणारा कोड सगळीकडे सारखाच, आजवर फोल्डर कॉपी करून चालवला. आता एका ॲपमध्ये बग काढला की उरलेल्या दोन्हींत तो तसाच राहतो. खासगी एनपीएम पॅकेज करावं (एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्ट कोडची पॅकेजं आणणारं साधन), गिट सबमॉड्यूल लावावं (एका रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, दुसरा रेपो जोडणं), की सीडीएनवर (फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) ठेवून पानातल्या स्क्रिप्ट टॅगने घ्यावं? डेव्हलपर आम्ही दोघंच.

कंस_बंद: रिॲक्टसकट सगळं सीडीएनवरून घ्या. दुसऱ्या साइटने तीच फाइल आधी आणली असेल तर ब्राउझर ती कॅशमधूनच (आधी साठवलेल्या प्रतीतून) देतो.

तळटीप: कॅशचा हा फायदा आता मिळत नाही. २०२० मध्ये क्रोम ८६ पासून कॅश प्रत्येक साइटचा वेगळा असतो, सफारीत तर त्याच्याही आधीपासून. आणि परक्या सर्व्हरवरची फाइल उद्या बदलली तर? जुन्या ब्राउझरसाठी कोड पुरवणारं पॉलिफिल डॉट आयओ हे डोमेन २०२४ मध्ये दुसऱ्यांच्या ताब्यात गेलं आणि लाखभर साइटवर त्यातून घातक कोड पोचला. सीडीएन घ्यायचंच असेल तर नेमकी आवृत्ती लिहा आणि टॅगवर इंटिग्रिटी हॅश लावा (फाइल बदलली तर ब्राउझर ती नाकारतो अशी खूण).

तुमच्यासाठी मात्र मी ठामपणे मोनोरेपो सांगेन, म्हणजे तिन्ही ॲप एका रेपोत आणा, सामाईक कोड वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि एनपीएम वर्कस्पेसेसने जोडा. एनपीएम ७ पासून ही सोय आहे. बग काढला की एकाच कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) तिन्हीकडे पोचतो. खासगी पॅकेज केलं तर दर दुरुस्तीला आवृत्ती वाढवा, पब्लिश करा, तीन ठिकाणी अपडेट करा; दोघांच्या टीमने हे ओझं कशाला घ्यायचं? दुसरी टीम तो कोड मागायला आली की बघा. सबमॉड्यूल नकोच, पॉइंटर (कुठली आवृत्ती वापरायची ती नोंद) पुढे सरकवायचा कुणीतरी हमखास विसरतं.

लॉक फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) कमिट करा आणि सर्व्हरवर एनपीएम सीआय चालवा, इन्स्टॉल नको; सीआय त्या यादीप्रमाणेच बसवतो.

वहीतलंपान: मोनोरेपो केला. पण एका ॲपमध्ये कॅलेंडर उघडला की ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ (रिॲक्टचं हुक फंक्शन चुकीच्या जागी वापरल्याची एरर) येतं.

तळटीप: बहुतेक रिॲक्टच्या दोन प्रती आल्यात. ‘एनपीएम एलएस रिॲक्ट’ चालवा, दोन आवृत्त्या दिसतील. सामाईक पॅकेजमध्ये रिॲक्ट डिपेंडन्सीजमधून (पॅकेज स्वतः आणतं ती यादी) काढून पीअर डिपेंडन्सीजमध्ये (ॲपने आणलेलीच प्रत वापरायची ती यादी) टाका, तिन्ही ॲपमध्ये एकच आवृत्ती ठेवा आणि नोड मॉड्यूल्स (आणलेल्या पॅकेजचा फोल्डर) उडवून पुन्हा इन्स्टॉल करा. तरीही एरर आली तर त्या कमांडचं आउटपुट इथे टाका.